साडूंचा प्लॉट, तुमचा पीएफ आणि भाचीचं इंग्रजी

पत्र : ताई, नमस्कार. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहे. वय ४७, राहायला सिडकोत. माझ्या साडूंनी २०१३ मध्ये आडगावच्या बाजूला ८ लाखांना प्लॉट घेतला. शेजारचा मी घ्यावा म्हणून तेव्हा फार मागे लागले होते, पण मी नको म्हटलं. २०२५ मध्ये त्यांनी तो प्लॉट ३० लाखांना विकला. मागच्या महिन्यात त्यांची पन्नाशी झाली. भाचीने हॉलमध्ये भलामोठा फलक लावला होता, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, 'आमचे प्रिसायंट पप्पा'. कोणीतरी अर्थ सांगितला, ज्याला पुढचं आधीच कळतं तो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना गाडीवर बायको एवढंच म्हणाली, "आपल्याकडे कोणाला पुढचं दिसतच नाही." तेव्हापासून डोक्यातून जात नाही. या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, आणि असं काही खरंच कोणाच्या अंगी असतं का? साडू आता दुसरा प्लॉट दाखवताहेत, म्हणतात सिंहस्थाच्या आत घेऊन टाक. पीएफमधले पैसे काढू का? – अंबडचा एक वाचक

भाऊ, आधी शब्दाचं बघू, कारण तुमच्या डोक्यात तोच अडकून बसलाय.

हॉलमध्ये सगळ्यांनी त्याचा उच्चार 'प्रिसायंट' केला असणार, कारण त्याच्या पोटात 'सायन्स'ची अक्षरं जशीच्या तशी दिसतात. उच्चार मात्र 'प्रेसिअंट' किंवा 'प्रेशंट' असा होतो. भाचीला हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पन्नाशीच्या फलकावरच्या चुका काढणारा काका कोणालाच आवडत नाही. पण 'सायन्स' दिसतं त्याला कारण आहे. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'स्कीरे' या क्रियापदातून आले, अर्थ 'जाणणे'. त्याच्या सुरुवातीला 'प्राए' म्हणजे 'आधी' हे जोडलं की झालं 'आधी जाणणारा'. तेव्हा कार्यक्रमात ज्याने अर्थ सांगितला त्याने बरोबरच सांगितला.

त्याने सांगितली नाही ती पुढची गोष्ट अशी की हा शब्द मुळात माणसासाठी नव्हता. चौदाव्या शतकात इंग्रजीत 'प्रेशन्स' हे नाम रुळलं तेव्हा ते देवाच्या ज्ञानाबद्दल वापरत. चॉसर या जुन्या इंग्रजी कवीच्या 'नाइट्स टेल'मध्ये कैदेत पडलेला पालामोन देवांनाच जाब विचारतो, की सगळं आधीपासून ठाऊक असूनही निरपराधाला छळणारी ही तुमची कसली प्रेशन्स? माणसाला, लेखकाला, एखाद्या अंदाजाला 'प्रेशंट' म्हणणं पुष्कळ नंतरचं. म्हणजे भाचीने पप्पांना थेट देवांच्या पंगतीला बसवलंय. मुलगी आहे, प्रेमाने लिहिलंय, लिहू द्या.

ख्रिस्ती पंडितांना या शब्दाने शतकानुशतकं छळलं. देवाला सगळं आधीच माहीत असेल तर माणसाच्या हातात काय उरलं? सहाव्या शतकात रोममधला बोएथियस नावाचा मोठा अधिकारी राजाच्या मर्जीतून उतरला आणि तुरुंगात गेला. मृत्युदंडाची वाट बघत असताना त्याने याच प्रश्नावर लिहिलं. तो म्हणतो, देवाच्या बाबतीत 'आधी बघणं' हा शब्दच चुकीचा, त्याला 'प्रोविदेन्तिया' म्हणा. देव उंच शिखरावरून पाहावं तसं सगळं एकदम पाहतो, त्याला आधी आणि नंतर असं नसतंच. आपल्याला देवाच्या भानगडीत पडायचं नाही, पण हा 'प्रोविदेन्तिया' धरून ठेवा. तुमच्या पत्रात तो आधीच आलाय, तुमच्या लक्षात आला नाही इतकंच.

पीएफमधला पी. प्रॉव्हिडंट.

'प्रो' म्हणजे पुढे, 'विदेरे' म्हणजे पाहणे. पुढचं पाहून तजवीज करणारा तो प्रॉव्हिडंट. इंग्रजीतलं 'प्रोव्हाइड' म्हणजे पुरवणं, 'प्रोव्हिजन' म्हणजे तरतूद, हे सगळं याच घरातलं. 'प्रूडंट' म्हणजे शहाणा, सावध, हाही याच शब्दाचं आखूड झालेलं रूप. रोमन लेखक सिसेरो तर लिहूनच ठेवतो की 'प्रूदेन्तिया' या गुणाला हे नाव पुढचं पाहण्यावरून मिळालं. आणि हे 'विदेरे' आपल्याला परकं नाही. संस्कृतातला 'विद्' धातू आणि ते एकाच मुळातून फुटलेत. वेद, विद्या, विद्वान एका बाजूला. व्हिडिओ, व्हिसा आणि तुमचा प्रॉव्हिडंट फंड दुसऱ्या बाजूला. सगळे चुलत भाऊ.

आता हे दोन शब्द शेजारी ठेवा. एकात जाणणं आहे, दुसऱ्यात पाहून सोय करणं. माझ्या मते तुमची झोप उडाली ती हे दोन्ही एकच समजल्यामुळे.

जाणण्याबद्दल बोलायचं तर नाशिक जिल्ह्यात कांद्याएवढा दाखला दुसरा नाही. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. ज्याला परवडतं तो चाळीत भरतो आणि पावसाळाभर भावाकडे डोळे लावून बसतो. २०२३ आठवा. ऑगस्टमध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. चाळीत माल असणाऱ्याला गावाने वेड्यात काढलं. हाव नडली म्हणाले. ऑक्टोबर संपता संपता भाव असे चढले की तोच माणूस पारावर 'काय डोकं आहे' म्हणून गाजला. डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली आणि चढ्या भावाच्या आशेवर लाल कांदा काढायला थांबलेले मार खाऊन बसले. चाळ तीच, हिंमत तीच, कांदा खराब होण्याची धास्तीही तीच. दिल्लीत काय ठरणार हे यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. पण ज्याचं साधलं त्याला आपण द्रष्टा म्हणतो.

साडूंचं तसंच. आडगावच्या बाजूने शहर वाढेल हा अंदाज चांगला होता, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण 'प्रेशंट' ही पदवी निकाल लागल्यावर मिळते. २०१३ मध्ये त्यांच्यासारख्याच उत्साहाने कुठेतरी गुंठा-दोन गुंठे घेऊन आज रस्ता नाही, एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नाही, सातबाऱ्यावर अजून तिसऱ्याचंच नाव, अशा भानगडीत अडकलेली माणसं तुमच्या कारखान्यातही सापडतील. त्यांच्या पन्नाशीला फलक लागत नाही. त्यामुळे आपल्याला फक्त साधलेलेच दिसतात, आणि मग वाटतं की दूरदृष्टी ही जन्मजात मिळणारी वस्तू आहे आणि देवाने नेमकं आपल्यालाच वगळलंय.

आता थोडं गणित, कारण तुम्ही आकडे दिलेत आणि मला ते तसेच सोडवत नाहीत. ८ लाखांचे १२ वर्षांत ३० लाख. ऐकायला पावणेचारपट, पण वर्षाला चक्रवाढीने साडेअकरा टक्क्यांच्या आसपास पडतात. याच काळात पीएफचं व्याज ८.१ ते ८.८ टक्क्यांच्या मध्ये राहिलं. सरासरी साडेआठ धरली तर ८ लाखांचे त्याच १२ वर्षांत २१ लाखांच्या वर गेले असते. साडूंच्या २२ लाख नफ्यावर १२.५ टक्क्यांनी भांडवली नफ्याचा कर धरला तर पावणेतीन लाख वजा. घेतानाचं मुद्रांक शुल्क वेगळं, कुंपण वेगळं, घरपट्टी-फेरफाराच्या चकरा वेगळ्या. तरीही साडू पुढे आहेत, यात वाद नाही. पण हॉलमध्ये टाळ्या पडल्या तेव्हा तुम्हाला जी दरी दिसली तेवढी ती नाही. आणि ते १२ वर्षं ८ लाख अडकवून बसू शकले, हा त्यांच्या दूरदृष्टीइतकाच त्यांच्या खिशाचाही भाग होता.

एवढं वाचून खुश होऊ नका, आता तुमच्याकडे वळते.

पीएफ ही दूरदृष्टी खरी, पण ती तुमची नाही. ती १९५२ च्या कायद्याची. मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे १२ टक्के तुमच्या हातात येण्याआधीच कापले जातात. कंपनी तेवढेच घालते, त्यातले ८.३३ टक्के ठरावीक मर्यादेपर्यंत पेन्शनकडे वळतात आणि उरलेले खात्यात पडतात. यात तुम्ही काही ठरवलंच नाही. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की महिनाअखेरीला आपल्यासारख्यांच्या हातात काही उरत नाही. म्हणून त्यांनी पुढचं पाहिलं आणि तजवीज केली. कायद्याच्या नावात प्रॉव्हिडंट शब्द आला तो म्हणून.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात मोठी. २०१३ मध्ये तुम्ही 'नको' म्हणालात ते का?

पंचतंत्र-हितोपदेशातली तीन माशांची गोष्ट शाळेत ऐकली असेल. तळ्याकाठून जाणारे कोळी बोलतात की उद्या इथे जाळं टाकू. पहिला मासा ते ऐकतो आणि दुसऱ्या तळ्यात निघून जातो. दुसरा म्हणतो, वेळ आली की बघू. हितोपदेशात तो जाळ्यात सापडल्यावर मेल्याचं सोंग घेऊन निसटतो. तिसरा म्हणतो, जे व्हायचं ते होईल, आणि मरतो. गोष्ट सगळ्यांना आठवते, नावं विसरतात : अनागतविधाता, प्रत्युत्पन्नमति, यद्भविष्य. अनागत म्हणजे अजून न आलेलं, त्याची सोय लावणारा तो अनागतविधाता. प्रॉव्हिडंटला याहून चोख शब्द मला तरी ठाऊक नाही. दुसऱ्यासाठी इंग्रजीत 'इम्प्रोव्हाइज' आहे, आणि गंमत म्हणजे तोही त्याच 'विदेरे'चा नातेवाईक : आधी न पाहिलेलं समोर आलं की जागच्या जागी निभावणं. पहिल्या माशाला कुठलाही साक्षात्कार झाला नव्हता हेही बघा. कोळी मोठ्याने बोलत होते आणि ते तिघांनीही ऐकलं होतं.

म्हणून विचारते. तेव्हा मुलांची फी होती, घराचा हप्ता होता, आईवडिलांचं दुखणं होतं, ८ लाख काढायचे तर कर्ज काढावं लागलं असतं, असं काही कारण असेल तर तुम्ही त्या दिवशी जे समोर होतं ते पाहून ठरवलंत. तो निर्णय आजही बरोबर आहे, प्लॉट ३० लाखांना जावो नाहीतर ६० लाखांना. पण 'बघू नंतर' म्हणून टाळलं असेल, साडूंचं ऐकायचं नाही म्हणून टाळलं असेल, तर वहिनींच्या बोलण्यात तथ्य आहे. आणि मला अशी शंका आहे की गाडीवर वहिनी प्लॉटबद्दल बोलतच नव्हत्या. २०१३ मध्ये तुम्ही त्यांना विचारलं होतं का? की नकार परस्पर कळवून मोकळे झालात? 'आपल्याकडे कोणाला दिसत नाही' या वाक्यात 'आपल्याकडे' कोण कोण येतं ते त्यांनाच विचारा. उत्तर कडू असलं तरी ऐकून घ्या, मध्ये व्याजाचा हिशेब काढू नका.

पुढचं दिसणं म्हणजे नेमकं काय हे पाहायला लॅटिनपर्यंत जायची गरज नाही, जुलै-ऑगस्टमध्ये गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, चक्कर टाका. त्र्यंबकच्या बाजूला पाऊस लागला की भांडी बाजार आणि सराफ बाजारातल्या दुकानदारांचे फोन सुरू होतात. गंगापूर धरणातून किती सोडलं? होळकर पुलाखाली किती? घाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत? धरणातून सुटलेलं पाणी रामकुंडावर यायला वेळ लागतो, त्या वेळात खालच्या फळ्यांवरची पितळी पातेली, हंडे, घंगाळी वर चढतात, हिशेबाच्या वह्या पिशवीत जातात, गोदाघाटावरच्या टपऱ्या दोराने ओढून वर घेतल्या जातात. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी असलं की चहा पीत काम चालतं. कमरेला लागलं की चहा राहतो. २००८ चा पूर पाहिलेला माणूस २०१६ मध्ये खालच्या फळीवर काय ठेवायचं नाही हे कोणाला विचारत बसला नाही. किती पाऊस पडणार हे यातल्या एकालाही माहीत नसतं. धरणाचा आकडा विचारायचा आणि हात हलवायचे, एवढंच ते करतात. कोणी त्यांना प्रेशंट म्हणत नाही, आणि त्यांना त्याची फिकीरही नाही. माल वाचला की झालं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाला. पीएफ रिकामा करून प्लॉट घेऊ नका. वय ४७ आहे, अठ्ठावन्नाला निवृत्ती धरली तर अकरा वर्षं आहेत. २०२४-२५ साठी जाहीर झालेला दर ८.२५ टक्के होता. तो दर टिकला तर रक्कम साधारण पावणेनऊ वर्षांत दुप्पट होते, म्हणजे आज आहेत ते पैसे निवृत्तीपर्यंत एकदा दुप्पट होऊन वर उरतात. ते मोडायचे असतील तर राहत्या घरासाठी किंवा दवाखान्यासाठी मोडा. 'सिंहस्थाच्या आत' ही घाई तर मला अजिबात पटत नाही. गुरू सिंह राशीत दर बारा वर्षांनी येतो हे पंचांग उघडणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि जमीन विकणारा ते पंचांग तुमच्याआधी उघडतो. जे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे ते भावात आधीच चढलेलं असतं.

प्लॉट घ्यायचाच असेल तर पीएफ सोडून जे पैसे बाजूला आहेत त्यातून, आणि कागद पाहून. सातबारा आणि फेरफार नवे काढा, साडूंच्या फोनमधले फोटो चालणार नाहीत. झोन दाखला घ्या. विकास आराखड्यात आरक्षण आहे का ते महापालिकेत किंवा नगररचना कार्यालयात विचारा, कारण साधुग्राम, रिंगरोड, वाहनतळ असल्या कामांना जमीन याच शहरातून जाते आणि कुंभाच्या तोंडावर विकायला काढलेल्या प्लॉटवर हे प्रश्न हमखास असतात. गुंठेवारीचा तुकडा असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. एनए आदेश बघा, रस्ता कागदावर आहे का बघा आणि मग स्वतः जाऊन जागेवर बघा. पावसाळ्यात जा. उन्हाळ्यात सगळेच प्लॉट चांगले दिसतात.

आज रात्री मात्र एक काम करा, दहा मिनिटांचं आहे. ईपीएफओच्या संकेतस्थळावर तुमच्या यूएएनने, म्हणजे पीएफच्या क्रमांकाने, आत जा आणि नॉमिनी कोण आहे ते बघा. नोकरी लग्नाआधी लागली असेल तर तिथे अजूनही आईचं किंवा भावाचं नाव असण्याची शक्यता भरपूर आहे. लग्नानंतर नामांकन नव्याने करावं लागतं आणि निम्मे लोक ते करतच नाहीत असं माझं निरीक्षण आहे. आधार जोडलेलं आहे का, जन्मतारीख दोन्हीकडे सारखी आहे का, आधीच्या कंपनीची रक्कम याच खात्यात आली का, तेही बघा. वहिनींना शेजारी बसवून करा. रक्कम किती आहे हे त्यांना आजवर सांगितलं नसेल तर पडद्यावर दिसेलच.

आणि साडू प्लॉट दाखवायला नेतील तेव्हा गाडीत बसल्या बसल्या विचारा, "दादा, हा प्लॉट एवढा चांगला आहे तर त्या ३० लाखांतून तुम्हीच का घेत नाही?" हसत विचारा, नातं आहे. उत्तर द्यायला त्यांना किती वेळ लागतो ते बघा, आणि मधला माणूस कोण आहे, त्याची दलाली किती आणि त्यातली कोणाकोणाला जाणार तेही त्याच दमात विचारून घ्या.